बसलेला दिवस कुणाच्या खात्यावर?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी कचेरीत तक्रारींची रीघ लागते. ‘टोळी आलीच नाही’, ‘आली पण पडलेल्या उसाला हात लावत नाही’, ‘खुशाली मागतात’, ‘निम्मा फड टाकून रातोरात निघून गेले’. या तक्रारी खोट्या नसतात. आडसाली लागण म्हणजे सोळा-अठरा महिने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला ऊस. तो फडात वाळताना पाहिला की कुणाचाही जीव तुटतो.

मागे एका हंगामात अशीच तक्रार आली म्हणून आम्ही एका सभासदाच्या फडावर गेलो. वाहतुकीचा ट्रॅक्टर नादुरुस्त झालेला, तोडलेल्या मोळ्या बांधाला पडून आणि टोळी दोन दिवस कोप्यांपुढे बसून. सभासद चिडलेले होते. म्हणाले, “माझं वजन घटाय लागलंय, ते कोण भरून देणार?” प्रश्न रास्त होता. तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, “दादांचं वजन घटलं ते काट्यावर दिसंल. आमचे दोन दिस बसून गेले, ते कुनाच्या खात्यावर लिवायचे?”

आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. पुढे मुकादम, गाडीवान, चिटबॉय यांच्याशी बोललो, हिशेब समजून घेतला. त्यातून जे ध्यानात आले ते सभासदांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. कारण त्या बाईच्या खात्याचा आणि आपल्या खात्याचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे.

ही माणसे येतात कुठून?

आपला ऊस तोडणारे बहुतेक मजूर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, गेवराई हे तालुके, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, शिवाय जालना, परभणी, नाशिक, जळगाव जिल्ह्यांतील काही भाग. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, मुरमाड. कुणाला एक-दोन एकर कोरडवाहू, कुणाला तेवढीही नाही. बाजरी, कापूस, सोयाबीन जे येईल ते एकाच पिकावर. ते गेले की वर्ष गेले.

सहकारी साखर धंद्याची मुहूर्तमेढ प्रवरेला रोवली गेली त्यानंतर पाटपाण्याच्या भागात एकेक कारखाना उभा राहत गेला. तिकडे पाणी आणि ऊस, इकडे रिकामे हात, असा हा मेळ बसला. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे कामासाठी बाहेर पडली आणि त्यानंतर हा ओघ वाढतच गेला. आज राज्यात आठ ते दहा लाख माणसे दरसाल ऊसतोडीला बाहेर पडतात असा अंदाज सांगितला जातो. यांना कुणी हौशी भटके समजू नये. घर आहे, गाव आहे, देव आहे. पण वर्षातले पाच-सहा महिने त्या घराला कुलूप. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच.

वर्षाचा फेरा

मृगात थोडीफार पेरणी होते. पोळ्याच्या आगेमागे मुकादम दारात येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम. ती हातात पडते आणि बहुधा त्याच आठवड्यात संपते. मुलीचे लग्न, दवाखाना, सावकाराची परतफेड, पोरांची फी, बैल घेणे. म्हणजे काम सुरू होण्याआधीच कामाचे पैसे खर्च झालेले असतात. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

दसऱ्याला आपण सोने लुटतो, त्या सुमारास ही माणसे पत्रे, बांबू, ताडपत्री, पिठाचा डबा, चार कोंबड्या, एखादी शेळी ट्रकमध्ये भरतात. म्हातारे आई-बाप मागे राहतात. पोरे सांभाळायला कुणी असेल तर मागे, नसेल तर बरोबर. दिवाळी कधी गावाकडे होते, कधी फडात.

इकडे आल्यावर दोन तऱ्हा. बैलगाडी म्हणजे टायर गाडीवाले कारखान्याच्या आसपास तळावर हंगामभर राहतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी त्या शिवारात. प्रत्येक वेळी कोपी मोडायची, नव्या जागी उभी करायची, पाणी कुठे मिळते ते शोधायचे. पहाटे अंधारातच फडात उतरायचे. पुरुषाने तोडायचे, बाईने पाचट सोलून वाढे वेगळे काढून मोळ्या बांधायच्या. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढायचे. वाहन रात्री बाराला आले तर रात्री बाराला. त्यानंतर बाईला स्वयंपाक, धुणे, लेकरे आहेतच.

कोयत्याचा हिशेब

तोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरी दिवसावर नाही, टनावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व मजूर संघटना यांच्यात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशन निराळे. वाहतुकीच्या प्रकाराप्रमाणे दरात फरक पडतो, पण समजुतीसाठी आपण हाच दर धरू.

एक जोडी दिवसाला २ टन तोडते असे धरले तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. उचल १ लाख धरा. हल्ली ही रक्कम काही मोठी राहिलेली नाही. आठवड्याची खर्ची वाढे विकून भागली असेही धरा. तरी १ लाख फिटायला १३७ दिवस पूर्ण काम मिळाले पाहिजे. हात चांगला चालला, दिवसाला अडीच टन पडले, तर ११० दिवस.

आता हंगाम किती चालतो ते पाहा. २०२१-२२ साली राज्यात ऊस इतका झाला की काही कारखान्यांची धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. मजुरांची उचल फिटली, पण मे महिन्याच्या उन्हात तोड करावी लागली आणि गावाकडची पेरणीची तयारी राहिली. उलट २०२४-२५ साली ऊस कमी, त्यामुळे बऱ्याच कारखान्यांचा पट्टा शंभर दिवसांच्या आतच पडला. शंभर दिवस एकही खाडा न होता काम मिळाले तरी २ टनांच्या हिशेबाने ७३,२०० रुपये होतात. बाकी २६,८००. ती पुढच्या सालच्या उचलीत धरली जाते आणि माणूस पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधला जातो.

म्हणजे या कुटुंबाचे वर्ष दोन गोष्टींवर टांगलेले: गावाकडचा पाऊस आणि इकडच्या हंगामाची लांबी. दोन्ही त्यांच्या हातात नाहीत. इकडे पाऊस कमी झाला की तिकडेही कमीच झालेला असतो. पीकही जाते आणि हंगामही आखडतो. एकाच वर्षी दोन्हीकडून मार बसतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. मजुरी टनावर असल्यामुळे बसलेल्या दिवसाला शून्य. ट्रॅक्टर मोडला, कारखान्यात बिघाड होऊन गाळप थांबले, अवकाळी पावसाने फडात चिखल झाला, गव्हाणीपुढे वाहनांची रांग लागली, तोडीची चिट वेळेवर मिळाली नाही. कारण कुणाचेही असो, तो दिवस मजुराच्या खात्यावर बाकी म्हणून उभा राहतो. हंगामात असे १० दिवस गेले तर ७,३२० रुपये. बसलेला दिवस बसत नाही, तो पुढच्या वर्षापर्यंत चालत जातो.

बायका आणि लेकरे

जोडीचा कोयता असला की उचल पुरी मिळते, एकट्याला निम्मी. म्हणून पोरगा हाताशी आला की त्याचे लग्न उरकायची घाई, आणि मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे या धास्तीने तिचेही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे ४४ जणींची लग्ने अठरा पुरी होण्याआधी झालेली आढळली. त्याला कारणे अनेक आहेत, पण कोयत्याचा हिशेब हे त्यांतले एक ठळक कारण आहे.

दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास. फडात आडोसा नाही, पाणी नाही, आजारपणाला सुट्टी नाही. गैरहजर राहिले तर खाडा कापला जातो. अशा वेळी कुणी डॉक्टर म्हणाला की ‘काढून टाका, कटकट मिटेल’, तर बाई हो म्हणते. त्या निर्णयामागेही बसलेल्या दिवसाचीच भीती आहे.

लेकरांची शाळा दिवाळीला सुटते ती कित्येकांची उन्हाळ्यापर्यंत भरत नाही. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. पुढे गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांसाठी जाहीर केली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढाच शासनाचा वाटा असेही ठरले. म्हणजे आपल्या प्रत्येक टनामागे या लेकरांसाठी काही रक्कम ठरलेली आहे. ती पोचते की नाही हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

यात आपले काय?

काही सभासद म्हणतील, ‘हे सगळं खरं, पण आमचं पोट त्याच्यावर नाही.’ आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की आहे.

पहिली गोष्ट, तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या एफआरपीतून वजा होतो. तोडीच्या कारभारात जे वाया जाते ते अखेर सभासदाच्याच बिलातून जाते.

दुसरी गोष्ट, उसात साखर सगळ्यात जास्त असते ती बुडाशी. बुडख्यापासून जमिनीलगत तोडले पाहिजे हे आपण वर्षानुवर्षे सांगतो. पण ज्याचे चार दिवस बसून गेलेत तो पाचव्या दिवशी वाकून तोडत नाही, भराभर वरून उडवतो. दोन-तीन इंच बुडखे रानात राहिले की वजन जाते, साखर जाते आणि खोडव्याचा फुटवाही नीट येत नाही.

तिसरी गोष्ट, तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा. त्यानंतर वजन आणि उतारा दोन्ही घटू लागतात. म्हणजे टोळी बसते तेव्हा आपला तोडलेला ऊसही बसलेला असतो. एकाच मोडलेल्या ट्रॅक्टरने दोन खाती बुडतात.

चौथी गोष्ट, चांगल्या टोळ्या जागा निवडतात. जिथे पाणी मिळते, चिट वेळेवर मिळते, दिवस बसत नाहीत, तिकडे त्या पुढच्या साली वळतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खुशालीच्या नावाखाली एकरी हजारो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आहेत. दोन-तीन ठिकाणी उचल घेऊन तोंड न दाखवणारे मुकादम आहेत, आणि त्यांच्यापायी आपल्याच सभासदांची वाहनमालक पोरे कर्जात बुडाली आहेत. याचे समर्थन होणार नाही. मात्र खुशालीचा बराचसा पैसा मजुरापर्यंत पोचतच नाही, आणि पळून जाणाऱ्या टोळीत पळण्याचा निर्णय कोयत्यावाल्याचा क्वचितच असतो, हेही तितकेच खरे. आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी: उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. वसुलीचा मार्ग करारातून आणि कोर्टातून जातो.

हार्वेस्टर आला की हा प्रश्नच संपेल, असेही ऐकू येते. यंत्र येते आहे, येऊ द्यावे. पण त्याला चार-पाच फुटांची सरी लागते, सलग रान लागते, फिरायला जागा लागते. आपल्या कार्यक्षेत्रातील वीस-तीस गुंठ्यांच्या पट्ट्यांत आणि पडलेल्या उसात अजून बरीच वर्षे कोयताच लागणार आहे.

सभासदांनी काय करावे?

१. तोडीच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडावे, रस्ता व बांध मोकळे करून ठेवावेत. वाहन फडात गेले की दोघांचाही दिवस वाचतो.

२. कोपीसाठी वीजतारेपासून आणि विहिरीच्या काठापासून दूर, सपाट जागा दाखवावी. बोअरचे पिण्याचे पाणी मोकळे ठेवावे. बायांसाठी पाचटाचा व पोत्यांचा का होईना, एक आडोसा करून द्यावा. याला खर्च जवळपास नाही.

३. ऊस पेटवून तोडायला संमती देऊ नये. तोड सोपी होते खरी, पण वाढे जळतात, पाचट जळते, वजन घटते. मजुराची खर्ची आणि आपले खत दोन्ही राख होतात.

४. टोळीत गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर गावातील आशाताईंना व अंगणवाडीत कळवावे. लेकरू शाळेच्या वयाचे असेल तर मास्तरांना सांगावे. शिक्षणाचा हक्क परगावच्या मुलालाही आहे, दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.

५. मजुरांना दोन गोष्टी सांगाव्यात. गावाकडच्या रेशनकार्डावर इथेही धान्य मिळू शकते. आणि महामंडळाच्या योजनांसाठी आपल्या गावच्या ग्रामसेवकाकडे नोंद करून ओळखपत्र घ्यावे.

६. खुशाली देऊ नये, मागितली तर त्याच दिवशी शेतकी कचेरीत लेखी कळवावे.

एक सूचना

शेवटी आम्ही एक सूचना मांडत आहोत. सभासदांनी तिचा विचार करून वार्षिक सर्वसाधारण सभेत आपले मत द्यावे.

आज तोडीच्या चिटवर वाहन, गट नंबर, वजन सारे असते, फक्त बसलेला दिवस नसतो. तो लिहिला जावा, कारणासह. टोळीचे कारण असेल तर टोळीच्या नावे, वाहनाचे असेल तर वाहनाच्या, कारखान्याचे असेल तर कारखान्याच्या. आणि ज्या दिवसाला मजूर जबाबदार नाही त्या दिवसाची निम्मी मजुरी त्याला मिळावी.

हा पैसा आभाळातून पडणार नाही, तो आपल्यातूनच येणार, हे आम्ही लपवत नाही. म्हणून हिशेबही देतो. शंभर दिवसांत १० दिवस बसले तर निम्म्या मजुरीचे, म्हणजे रोज ३६६ प्रमाणे, ३,६६० रुपये. उरलेल्या ९० दिवसांत ती जोडी १८० टन तोडते. म्हणजे टनाला साधारण २० रुपये. उलट उसाचा दर टनाला ३ हजार धरला आणि वाळण्यात व बुडख्यात मिळून एक टक्का जरी वजन गेले तरी टनाला ३० रुपये जातात. ते आजही जातातच, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. दिवस लिहिला जाऊ लागला आणि त्याचे पैसे कुणाला तरी मोजावे लागले, की दिवस बसू न देण्याची काळजीही आपोआप घेतली जाईल.

त्या दिवशी ज्या सभासदाच्या फडावर आम्ही गेलो होतो, त्यांनी संध्याकाळी स्वतःचा ट्रॅक्टर जोडला. रात्री टोळीने खेपा भरल्या. दोन दिवसांत घटलेले वजन घटलेलेच राहिले आणि त्या बाईचे दोन दिवसही गेलेच. पण तिसरा दिवस दोघांचाही वाचला. एका सभासदाला जे एका संध्याकाळी सुचले ते साऱ्या सभासदांनी मिळून नियम म्हणून करावे, एवढेच आमचे मागणे आहे.

— संपादक मंडळ